६६५३ लावून बघितलं

फेरीबोटीच्या वरच्या डेकवर सगळे मोबाईल उंच धरून स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचे फोटो काढत होते आणि मी एकटाच पुतळ्याचं डोकं जागेवर आहे का ते बघत होतो. हसू नका. मी या बेटावर पहिल्यांदा आलो होतो तेव्हा डोकं नव्हतं.

आलो होतो म्हणजे साताऱ्याला मावशीकडे, दादाच्या खोलीत, पेंटियम थ्रीच्या समोर प्लास्टिकच्या खुर्चीत. साल २००३, दहावीची सुट्टी, बाहेर मावशी कुरडया घालतीये आणि आत आम्ही पडदे ओढून बसलोय कारण गेम इतका काळोखा की उजेडात स्क्रीनवर काही दिसायचंच नाही. गेमचं नाव ड्यूस एक्स. खरा उच्चार वेगळा आहे हे मला खूप नंतर कळलं पण आता जीभ वळत नाही, ड्यूस तर ड्यूस. जून २००० मध्ये आलेला हा गेम, गोष्ट २०५२ सालची, जगभर साथ पसरलीये, लस फक्त बड्या लोकांना, अतिरेक्यांनी स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचं मुंडकं उडवलंय आणि तुम्ही जेसी डेंटन, अंगात नॅनो मशीन सोडलेला सरकारी एजंट, पायापर्यंत काळा कोट आणि रात्रीसुद्धा गॉगल. सुरुवात होते ती थेट लिबर्टी आयलंडच्या धक्क्यावर. तिथे तुमचा भाऊ पॉल भेटतो आणि म्हणतो, बाबा रे, पुतळ्याच्या टोकावर अतिरेक्यांचा कमांडर बसलाय, त्याला पकड. कसं जायचं ते तुझं तू बघ.

हे 'तुझं तू बघ' आम्हाला माहितीच नव्हतं. तोवर खेळलेले सगळे गेम म्हणजे सरळ जा, गोळ्या घाल, दार उघडतं. इथे समोरच्या दारावर यंत्रमानव गस्त घालतोय, त्याच्या एका फटक्यात आपण गार. दोन दिवस आम्ही तिथेच मेलो. तिसऱ्या दिवशी दादा वैतागून पुतळ्याच्या मागे नुसता भटकायला गेला तर तिथे खोकी रचून ठेवलेली, त्यावरून चढत चढत वर जाता येतं! आणि मग अजून एक दिवसाने कळलं की उत्तरेच्या धक्क्यावर एक माणूस भेटतो, तो समोरच्या दाराची चावीच देतो. म्हणजे तीन दिवस आम्ही ज्या दारावर डोकं आपटत होतो त्याची चावी पाच मिनिटांच्या अंतरावर एकाच्या खिशात होती.

तेव्हापासून दादाने वही केली. नवनीतची २०० पानी, बायोलॉजीची अर्धी कोरी राहिलेली. मागच्या पानापासून उलटी सुरुवात करून त्यात कोड लिहायचे. या गेममध्ये जिकडे तिकडे कीपॅड आहेत, दाराला, तिजोरीला, कॉम्प्युटरला, आणि कोड कुठेतरी पडलेल्या डेटाक्यूबमध्ये, म्हणजे गेममधल्या डिजिटल चिठ्ठीत, किंवा कोणाच्या तरी ईमेलमध्ये सापडतो. आमचं इंग्लिश यथातथाच, त्यामुळे दादा डिक्शनरी घेऊन ईमेल वाचायचा आणि मी आकडे दिसले की ओरडायचो. वहीतला पहिला कोड ०४५१.

आता या ०४५१ ची पण एक गंमत आहे. १९९४ च्या सिस्टिम शॉक नावाच्या गेममध्ये पहिल्या दाराचा कोड ४५१ होता. त्या गेमवर काम केलेला वॉरेन स्पेक्टर पुढे ड्यूस एक्सचा मुख्य माणूस झाला आणि कोड पुढे शून्य लावून बरोबर आला. मग बायोशॉक, डिसऑनर्ड, २०१७ चा प्रे, सगळीकडे हा आकडा दिसतो, घराण्याच्या बंदिशीसारखा. मी कुठल्याही नवीन गेममध्ये पहिला कीपॅड दिसला की आधी ०४५१ मारून बघतो. नाही लागला की थोडं वाईट वाटतं.

आणि या गेमची मला सर्वात आवडलेली गोष्ट कुठली तर ही, की कोड तुम्हाला माहिती असला की बास. तो डेटाक्यूब शोधलाच पाहिजे अशी सक्ती नाही. हल्लीच्या बऱ्याच गेममध्ये कोड तोंडपाठ असला तरी कागद सापडेपर्यंत कीपॅड तुम्हाला उभंच करत नाही. इथे गेमला कळतच नाही की आकडा तुम्हाला आत्ता सापडला की मागच्या जन्मी. दादा दुसऱ्यांदा खेळायला बसला तेव्हा वही मांडीवर घेऊन देवळाच्या पुजाऱ्यासारखा फिरत होता, हे दार उघड, ते दार उघड.

तर, फेरी. ऑनसाइटला न्यू जर्सीत आलोय आठ महिन्यांसाठी, ऑफिसातले सगळे म्हणाले पुतळा काय बघायचाय, लांबून दिसतो की. मी गेलोच. वहीचे फोटो दादाकडून मागवून घेतले होते आधीच. (वही अजून आहे! मावशीने रद्दीत दिली नाही कारण पुढच्या बाजूला बायोलॉजी आहे आणि बायोलॉजी म्हणजे अभ्यास.)

बेटावर उतरल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती ही की हे फारच लहान आहे आणि फारच उजेडात आहे. गेममध्ये मी या बेटावर आठवडा काढलाय, इथे पाऊण तासात प्रदक्षिणा झाली. मागच्या बाजूला खोकी नाहीत, कापलेलं गवत आहे. पुतळ्याखालचा चबुतरा मात्र फोर्ट वुड नावाच्या खऱ्या जुन्या किल्ल्यावर उभा आहे, अकरा टोकांच्या ताऱ्यासारखा, आणि त्या तटाखालून चालताना सातारकराला बरं वाटतं, बुरूज तो बुरूज. मुकुटात जायचं तिकीट खूप आधी काढावं लागतं, ते मला मिळालं नाही, १६२ पायऱ्यांचा अरुंद गोल जिना आहे म्हणे, माझं वजन बघता ठीकच झालं.

पण खरी बंद खोली मुकुटात नाहीच, मशालीत आहे. ३० जुलै १९१६ ला समोरच जर्सी सिटीच्या बाजूला ब्लॅक टॉम नावाच्या ठिकाणी दारूगोळ्याचा साठा उडाला, जर्मन हेरांनी घडवून आणलेला स्फोट, आणि त्या दणक्याने पुतळ्याला इजा झाली. त्यानंतर मशालीत जायचा रस्ता लोकांसाठी बंद झाला तो आजतागायत. म्हणजे त्या हाताच्या आतून वर जाणारी शिडी आहे, माणसं देखभालीला जात असणार, पण तुम्हाआम्हाला शंभर वर्षांहून जास्त काळ दार बंद. हेर, बॉम्ब, बंद दार, वर जाणारी गुप्त शिडी. गेमवाल्यांनी ही गोष्ट सोडून मुंडकंच का उडवलं कोण जाणे! जुनी मूळ मशाल मात्र खाली म्युझियममध्ये ठेवलीये, ती जवळून बघता येते, मी तिच्यासमोर बराच वेळ बसलो.

गेममध्ये या बेटाच्या पोटात तुमचं हेडक्वार्टर आहे. पहिली मोहीम झाली की तुम्ही खाली उतरता, ऑफिस, कँटीन, बॉस, सगळं आहे. तिथे लेडीज टॉयलेटमध्ये शिरलात तर आतली बाई झापते आणि नंतर बॉस केबिनमध्ये बोलवून, मोहिमेचं सगळं बोलून झाल्यावर, परत लेडीजमध्ये जाऊ नकोस असं ऐकवतो. दादा मुद्दाम गेला होता, मी नाही म्हणत होतो. आणि त्याच ऑफिसात खाली एक दार असतं, चौथ्या लेव्हलचं. बंद. काही केल्या उघडत नाही. तुम्ही येता जाता ते बघता, मग सवय होते, मग विसरता. गेमच्या बऱ्याच पुढे तुम्ही पकडले जाता, कुठल्यातरी अज्ञात तुरुंगात जाग येते, प्रयोगशाळा, कोठड्या, मारामाऱ्या करत तिथून सुटायचं, शेवटचं दार उघडून बाहेर पडता आणि... तुम्ही आपल्याच ऑफिसात उभे. त्या बंद दाराच्या अलीकडे. इतके दिवस ज्या खुर्चीत बसून कॉफी प्यायली तिच्याखाली हे चाललं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो होतो तेव्हा, मावशी जेवायला हाका मारतीये आणि कोणी उठेना.

तर खऱ्या बेटावर मागच्या अंगाला कर्मचाऱ्यांच्या इमारती आहेत आणि त्यातल्या एका दाराला मला कीपॅड दिसला. मी शपथेवर सांगतो मी हात लावला नाही. नुसता उभा राहिलो, जरा जास्त वेळ. हॅटवाली रेंजर बाई आली आणि अतिशय गोड आवाजात विचारलं की टॉयलेट शोधताय का. मी हो म्हणालो. तिने बोट दाखवलं. मी जेंट्समध्येच गेलो.

परतीची फेरी बॅटरी पार्कला येते. तिथे कासल क्लिंटन आहे, गोल दगडी किल्ला, फेरीची तिकिटं आता त्याच्या आतच मिळतात. १८१२ च्या लढाईच्या आधी बांधलेला, पुढे १८५५ ते १८९० बोटीने येणारे स्थलांतरित आधी इथे उतरायचे, मग तर त्याचं मत्स्यालय पण झालं होतं. एका किल्ल्याने किती धंदे करावेत. गेममध्ये इथे अतिरेकी लपलेले असतात आणि बाहेर एक भुकेलं पोरगं भेटतं. त्याला खायला दिलंत तर ते आत जायचा चोररस्ता सांगतं. पहिल्या वेळी आम्ही दिलं नव्हतं. चॉकलेट होतं खिशात, पण ते आपल्याला लागेल ना, लाईफ वाढते त्याने. दुसऱ्या वेळी रस्ता माहितीच होता तरी दादाने त्याला चॉकलेट दिलं. मी विचारलं आता कशाला, तर म्हणाला गप बस.

बॅटरी पार्कच्या बाकावर बसून मॅनहॅटनच्या उंच इमारती बघताना ती दुसरी गोष्ट आठवली. गेममधल्या न्यूयॉर्कच्या देखाव्यात ट्विन टॉवर्स नाहीत. हे आम्ही २००३ मध्ये खेळत होतो म्हणून आम्हाला विचित्र वाटलं नाही, नसणारच की. मग दादाने सीडीच्या कव्हरवरचं साल बघितलं, २०००. अंगावर काटा. नंतर वाचलं की कारण अगदीच किरकोळ होतं, चित्रं ठेवायला मेमरी कमी पडत होती म्हणून त्या बाजूचा देखावा गाळला, आणि विचारलं तर सांगायचं की गोष्टीत ते अतिरेक्यांनी पाडलेत. बास, एवढंच. पण लोकांनी त्याच्यावर काय काय भविष्यवाण्या रचल्यात, देवा.

दुसऱ्या दिवशी रविवार. मॅनहॅटनमधल्या हेल्स किचन भागात जायचं होतं कारण गेममध्ये तिथे एक पडीक हॉटेल आहे, पाटीवरची अक्षरं गळून नुसतं 'टन' उरलेलं, आणि त्यात पॉलचं घर. त्या घरात भिंतीआड कप्पा, कोड ४३२१. आपल्याच सरकारी खात्याविरुद्ध छुपा कट करणारा माणूस आणि पासवर्ड ४३२१, माझ्या बाबांच्या एटीएमची आठवण झाली. पण त्या खोलीतलं खरं गुपित कप्पा नाहीच. एका रात्री तिथे सरकारचेच सैनिक घुसतात, पॉल म्हणतो तू खिडकीतून पळ. आम्ही पळालो. पॉल मेला. आम्हाला वाटलं तो मरणारच असतो, गोष्टच तशी आहे. चार महिन्यांनी कॉलेजात एकजण सहज म्हणाला, अरे खिडकीतून नाही जायचं, थांबून लढायचं आणि दारातून बाहेर पडायचं, वाचतो तो. दादाला एसटीडी बूथवरून फोन करून सांगितलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, मीटर पळतोय इकडे. वहीत ४३२१ च्या खाली त्याच्या अक्षरात लिहिलंय, 'दार. खिडकी नाही.' वहीत आकडे सोडून लिहिलेली ही एकच ओळ.

आजचं हेल्स किचन म्हणजे ब्रंच, कुत्री आणि कॉफी. पडीक हॉटेल परवडणार नाही कोणाला तिथे.

राहिला ६६५३. हा कोड एका टेलिफोन बूथचा. एक बेघर माणूस सांगतो, जमिनीखाली भुयारात राहणाऱ्या लोकांकडे जायचा चोररस्ता. फोनच्या बटणांवर एम आणि ओ सहावर, एल पाचवर, ई तीनवर, झालं मोल, बिळात राहणारा प्राणी. दादाने स्वतःच्या नोकियावर बोटं फिरवून हे शोधून काढलं तेव्हा तो मला आर्यभट्टच वाटला होता.

आता मजा अशी की न्यूयॉर्कने रस्त्यावरचे जवळपास सगळे सार्वजनिक फोन काढून टाकलेत, शहराच्या मालकीचा शेवटचा मे २०२२ मध्ये टाइम्स स्क्वेअरजवळून क्रेनने उचलला. जागोजागी उंच वायफायचे खांब आलेत, स्क्रीन लावलेले. म्हणजे २०५२ मध्ये टेलिफोन बूथ असतील हे गेमवाल्यांचं साफ चुकलं, आणि तो स्क्रीनवाला खांब मात्र गेममधून उचलून आणल्यासारखा दिसतो. पण शोधाशोध केल्यावर कळलं की दार लावून आत उभं राहता येईल असे अगदी चारच बूथ वेस्ट एंड अव्हेन्यूवर अजून ठेवलेत, तिथल्या लोकांनी जपलेत ते.

सबवे पकडली आणि गेलो. शंभराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर, झाडाखाली, काचेचा डबा. सकाळचे दहा, म्हणजे साताऱ्यात संध्याकाळ. आत शिरलो, दार ओढलं, रिसीव्हर कानाला लावला. बाहेरून बस गेली त्यामुळे आत नक्की काय वाजत होतं ते कळलं नाही. सहा, सहा, पाच, तीन. बटणं घट्ट आहेत, जोर लागतो. मग थोडा वेळ तसाच उभा. पायाखाली बघितलं पण एकदा, खोटं कशाला सांगू.

बाहेर येऊन दादाला फोटो टाकला. लगेच ब्लू टिक. मग टायपिंग, मग थांबला, परत टायपिंग.

'अरे गाढवा, बाहेरच्या लाईनला आधी शून्य लावतात.'

कोपऱ्यावर कोणी नव्हतं, एक आजी कुत्रं फिरवत होत्या त्या पलीकडे गेल्या होत्या. मी परत आत गेलो.