कृष्णविवरांच्या आधी एक समीकरण

सैद्धांतिक खगोलभौतिकी म्हणजे थेट कृष्णविवरं, असं मी धरून चालले होते. प्रोजेक्ट मागायला गेले तेव्हा सर म्हणाले, "लेन-एम्डेन समीकरण स्वतः काढ, स्वतः सोडव, मग ये." मी हिरमुसले. ताऱ्यात केंद्रापासून बाहेर जाताना घनता कशी घटत जाते, ते सांगणारं हे समीकरण तर एकोणिसाव्या शतकातलं!

काढायला एक संध्याकाळ पुरली. ताऱ्यात गुरुत्व आत ओढतं, दाब बाहेर रेटतो. तो तोल मांडायचा आणि दाब फक्त घनतेवर ठरतो असं मानायचं. दाब घनतेबरोबर किती वेगाने वाढतो, ते एन हा आकडा ठरवतो.

अडले ते सोडवताना. प्रोग्राम पहिल्याच पायरीला बंद पडायचा. तीन दिवस मी कोडमधली चूक शोधत होते आणि कोड बरोबर होता. समीकरणातल्या एका पदाला केंद्रापासूनच्या अंतराने भागलेलं असतं आणि केंद्रात ते अंतर शून्य. तिथलं उत्तर कागदावरच काढावं लागतं: एक वजा अंतराच्या वर्गाचा सहावा भाग. ते घेऊन केंद्रापासून किंचित पुढे सरकायचं आणि तिथून संगणकाला सोडायचं. एन १ ठेवलं तर आलेख ३.१४१६ ला शून्यावर आला, म्हणजे बरोबर π (पाय) या संख्येवर. तोच ताऱ्याचा पृष्ठभाग. मी खुर्चीतून उठलेच.

मग एन ३. पृष्ठभाग ६.८९७ वर. वस्तुमानाचं सूत्र लिहायला घेतलं आणि केंद्रातली घनता त्यातून चक्क निघून गेली. तारा कितीही दाबा, वस्तुमान तेवढंच! श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेला तारा, त्याच्या वस्तुमानाची सूर्याच्या सुमारे १.४ पटींची कमाल मर्यादा इथूनच येते. १९३० साली एकोणीस वर्षांचे खगोलभौतिकशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर इंग्लंडला जाताना बोटीवर याच प्रश्नाशी झुंजत होते. हे मी आधी दहादा वाचलं होतं, पण माझ्या वहीत ते त्या दिवशी पहिल्यांदा उतरलं.

कृष्णविवरांसाठी लागणारी सापेक्षता मी त्यानंतर वर्षभराने हातात घेतली. आधी सांख्यिकी भौतिकी आणि विद्युतगतिकी पक्की केली, तो क्रम मला आजही योग्य वाटतो.

आलेख घेऊन गेले. सरांनी नीट पाहिले आणि विचारलं, "एन पाचपर्यंत नेलंस?" नव्हतं नेलं. परत येऊन नेलं. रेघ खाली खाली येत राहिली, शून्याला मात्र कधी टेकलीच नाही. त्या ताऱ्याला काठच नव्हता.