तेरा नासपती, दहा सफरचंद

गारा पडल्या तेव्हा मी अकोल्यात, सासरी. भावाचा फोन आला, "ताई, बगीचा गेला वं." मृगाची संत्री तोडायला आठ-दहा दिवस राहिले होते. व्यापारी इसारसुद्धा देऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी वरूडला उतरले आणि तशीच शेतात गेले. खाली संत्र्यांचा खच, फुटक्या फळांचा आंबूस वास, सालटं निघालेल्या फांद्या. बाबा एकेका खोडाला हात लावत ओळीओळीनं चालले होते.

"कायले मोजता बाबा? तलाठी येतीलच ना पंचनाम्याले."

"मोजून नाई राह्यलो. पाहून राह्यलो, कोन कोन हाये त."

मला लाएर्टीस आठवला, ओडिसियसचा म्हातारा बाप. कॉलेजात होमरचं ग्रीक महाकाव्य ओडिसी वाचलं तेव्हापासून हा म्हातारा माझ्या डोक्यातून जात नाही. लोकांना त्या काव्यातला बाविसावा सर्ग आठवतो. वीस वर्षांनी घरी परतलेला ओडिसियस त्याच्याच घरात खाऊन-पिऊन त्याच्या बायकोमागे लागलेल्या १०८ जणांना संपवतो. मी मात्र अडकते ती त्यानंतरच्या झाडलोटीत. प्रेतं बाहेर नेली जातात, टेबलं-खुर्च्या पाण्यानं, स्पंजनं पुसल्या जातात, रक्तानं माखलेली जमीन त्याचा मुलगा आणि गुरं-डुकरं राखणारे दोघं फावड्यानं खरवडून काढतात. मग ओडिसियस म्हाताऱ्या दाईला गंधक आणि विस्तव आणायला सांगतो. ती म्हणते, अंगावरच्या चिंध्या तरी बदल आधी. तो म्हणतो, आधी विस्तव. मग घरभर धुरी. होमर यातलं काहीच गाळत नाही, म्हणून तो मला आवडतो.

पण त्या घरात प्रेतं उचलून टेबलं पुसणाऱ्या बारा दासींना काम संपताच फासावर लटकवतात. घर साफ झालं म्हणे! हा भाग मी दरवेळी दात खाऊनच वाचते.

शेवटच्या, चोविसाव्या सर्गात ओडिसियस बापाकडे जातो. लाएर्टीस गावात येणं सोडून मळ्यातच राहतो. ठिगळं लावलेले कपडे, काट्यांसाठी हातमोजे, डोक्यावर बकऱ्याच्या कातड्याची टोपी, एका रोपाभोवती खणत असतो. पोरगा आधी त्याला खोटीच कहाणी सांगतो. (का बाबा? बायकोची परीक्षा घेतलीस, आता बापाचीही?) म्हातारा माती उचलून डोक्यावर घालून घेतो, तेव्हा कुठं याला राहवत नाही. खूण म्हणून आधी मांडीवरचा वण दाखवतो आणि मग झाडं मोजतो. मी लहान होतो, तुमच्या मागं मागं फिरत प्रत्येक झाडाचं नाव विचारायचो, तेव्हा तुम्ही मला दिली होती: १३ नासपती, १० सफरचंद, ४० अंजीर. द्राक्षवेलींच्या ५० ओळी देईन म्हणाला होतात. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात.

यानंतर मेलेल्यांचे नातेवाईक चालून येतात, देवांचा राजा झ्यूस वीज पाडतो, देवी अथेना समेट घडवते. वरून हुकूम आला म्हणून मिटलेलं भांडण. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. माझ्यासाठी इथाकाची, ओडिसियसच्या बेटाची, घडी नासपतीच्या झाडांपाशीच बसते.

दोन दिवसांनी पंचनामा झाला. साहेबांनी धुऱ्यावरूनच नुकसानीचा अंदाज लिहिला. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी बादलीत मोरचूद भिजवलं, दुसरीत चुना. किलोला किलो, दहा लिटर पाणी. दोन्ही एकत्र ओतलं की निळी बोर्डो पेस्ट होते. फांदी छाटली की कापल्या जागी ती लावायची, नाहीतर बुरशी आत शिरते.

पहिल्या ओळीतलं चौथं झाड माझं. मी चौथीत होते तेव्हा बाबांनी ते माझ्या नावानं लावलं, पाचवं भावाचं. भावाचं बऱ्यापैकी वाचलं होतं. माझं मधोमध फाटलेलं.

"काढून टाकाव लागन का?" मी विचारलं.

बाबांनी खोडाला नख लावून पाहिलं. आत हिरवं होतं. करवत माझ्या हातात देत म्हणाले, "तुयं हाये. तूच काप. तिरपं काप, पाणी थांबाले नाई पाह्यजे."