प्लाझ्मा थ्रस्टरच्या आधी व्हॅक्यूम: नाशकातल्या आमच्या लॅबचा अनुभव

उपग्रहाच्या विद्युत प्रोपल्शनवर, म्हणजे विजेच्या जोरावर वायू फेकून उपग्रह ढकलण्यावर, पीएचडी करायचं ठरवलं तेव्हा डोक्यात फक्त इंजिन होतं. प्रत्यक्षात कितीतरी महिने इंजिनाला हातही लागला नाही. ते सगळे व्हॅक्यूम चेंबर, म्हणजे हवा काढून टाकता येईल अशी बंद टाकी, उभी करण्यात गेले. थ्रस्टरची, म्हणजे या इंजिनाची, गणितं कुठल्याही चांगल्या ग्रंथालयात मिळतात. चेंबर कुठे बनवायचा, कोणाकडून, आणि तो गळायला लागला तर काय करायचं हे कोणी लिहून ठेवत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

आमचा थ्रस्टर हॉल प्रकारचा. सिरॅमिकची कंकणाकृती खोबण, तळाशी अ‍ॅनोड, बाहेर एका बाजूला कॅथोड. खोबणीत चुंबकीय क्षेत्र आडवं असतं आणि विद्युत क्षेत्र लांबीच्या दिशेने. कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडकडे धावतात, पण चुंबकीय क्षेत्रात अडकून खोबणीतच गोल फिरत राहतात आणि वायूच्या अणूंवर आदळून त्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, करतात. आयन जड असल्यामुळे चुंबकाला फारसे दाद देत नाहीत. विद्युत क्षेत्र त्यांना सरळ बाहेर फेकतं. झेनॉनचा आयन 300 व्होल्टचा पूर्ण फरक ओलांडून गेला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 21 किलोमीटर होतो. रासायनिक इंजिनातून निघणाऱ्या वायूचा वेग तीन ते साडेचार किलोमीटर असतो. वेग मोठा, पण रेटा अगदी लहान. एसपीटी-100 हा गाजलेला रशियन थ्रस्टर 1350 वॉट खाऊन 80 मिलीन्यूटन रेटा देतो, म्हणजे दहा रुपयांचं नाणं तळहातावर जेवढं जाणवतं साधारण तेवढा. अवकाशात हवा अडवत नाही, म्हणून महिनोन्‌महिने दिलेला एवढासा रेटाही उपग्रहाची कक्षा बदलतो.

सोव्हिएत संघाने असा थ्रस्टर डिसेंबर 1971 मध्ये मिटिओर उपग्रहाबरोबर वर पाठवला. आपल्या इस्रोने 2017 च्या जीसॅट-9 वर विद्युत प्रोपल्शन वापरलं, आणि मार्च 2025 मध्ये देशात बनवलेल्या 300 मिलीन्यूटन थ्रस्टरची 1000 तासांची चाचणी पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. ती बातमी वाचली त्या दिवशी लॅबमध्ये आम्ही सगळ्यांनी काम थांबवून त्याबद्दलच बोललो. हजार तास तसा व्हॅक्यूम टिकवणं म्हणजे काय, हे तोपर्यंत आम्हाला नीट कळायला लागलं होतं.

हे यंत्र जमिनीवर तपासायचं तर चेंबरमधली जवळपास सगळी हवा काढावी लागते. दाब 10⁻³ मिलीबार असताना हवेचा रेणू दुसऱ्याला धडकण्याआधी जेमतेम सहा-सात सेंटिमीटर जातो. 10⁻⁵ मिलीबारला तेच अंतर सहा मीटरच्या पुढे जातं, आणि तेव्हा कुठे आयन वाटेत न अडखळता भिंतीपर्यंत पोचतात. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांकडे यासाठी अजस्र टाक्या आहेत; मिशिगन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली टाकी 6 मीटर व्यासाची आणि 9 मीटर लांबीची आहे. आमच्या खोलीत आणि अनुदानात बसेल असा आकार निघाला 60 सेंटिमीटर व्यास आणि एक मीटर लांबी.

तयार चेंबरची कोटेशन आली आणि ती फाइल बंद झाली. सर म्हणाले, "नाशकात स्टेनलेसच्या टाक्या बनवणारी माणसं आहेत. अंबडला जाऊन बघ." अंबड म्हणजे इथली औद्योगिक वसाहत. आसपास वायनरी आहेत, दूध प्रकल्प आहेत, त्यामुळे 304 जातीच्या स्टेनलेस स्टीलवर टिग (आर्गॉन वायूच्या आवरणातलं) वेल्डिंग करणारे उत्तम हात इथे आहेत. बरीच विचारपूस केल्यावर वायनरीच्या टाक्या करणारे एक काका तयार झाले. त्यांनी ड्रॉइंग पाहून पहिला प्रश्न विचारला, "ताई, दाब आतून की बाहेरून?" या प्रश्नावरून मला खात्री पटली की काम यांनाच द्यायचं. वरची व्हेंट बंद ठेवून कोणी टाकीतली वाइन पंपाने ओढली की टाकी कशी आत चेपते, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंच, म्हणजे इथे हवेचा दाब साधारण 945 मिलीबार. तरी 60 सेंटिमीटरच्या दारावर पावणेतीन टनांच्या आसपास भार येतो. भिंत 6 मिलिमीटरची ठेवली, दार त्याहून बरंच जाड.

बाकी गोष्टी मात्र वायनरीच्या सवयींच्या उलट होत्या आणि त्यावर आम्ही चहा पीत खूप वेळ बोललो. अखंड वेल्ड आतून हवा. बाहेरून फक्त तुटक टाके. दोन्हीकडून अखंड मारला तर मधल्या फटीत हवा कोंडते, ती महिनोन्‌महिने आत झिरपत राहते, आणि बाहेरून कितीही शोधलं तरी गळती सापडत नाही. वायनरीत आतला भाग आरशासारखा बफ करतात; इथे बफिंग नको होतं, कारण त्याचं मेणकट कंपाउंड धातूच्या बारीक चरांत अडकतं आणि नंतर वाफ सोडतं. आत कुठे आंधळं भोक पाडून स्क्रू बसवायचा तर स्क्रूला मधून छिद्र हवं, नाहीतर तळाशी हवा अडकते. ओ-रिंग (जोड हवाबंद करणारी रबरी कडी) बसते त्या पृष्ठभागावर लेथच्या गोल रेघा चालतात, पण त्यांना छेदून जाणारा एक बारीक ओरखडाही चालत नाही. काकांनी हे सगळं खडूने पत्र्यावर लिहून ठेवलं. काम सुरू असेपर्यंत ते पुसू दिलं नाही.

चेंबर आला, पंप जोडले. सुरुवातीचं काम रोटरी पंप करतो, पुढचं टर्बो, म्हणजे अतिवेगाने फिरणाऱ्या पात्यांनी रेणू बाहेर ढकलणारा पंप. तेलाच्या वाफेच्या झोतावर चालणारा डिफ्यूजन पंप स्वस्त पडला असता, पण ती वाफ उलटी चेंबरमध्ये येऊ शकते आणि आमच्या कॅथोडला ते घातक होतं. वीज गेली की रोटरी पंपाचं तेल आत ओढलं जाऊ नये म्हणून आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बसवला. पावसाळ्यात तो कितीदा कामाला आला.

पहिल्यांदा दाब 10⁻⁴ मिलीबारच्या आसपास येऊन अडला. अशा वेळी आधी ओळखायचं असतं की बाहेरून हवा येते आहे की आतल्या भिंतीच वाफ सोडत आहेत. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि दाब कसा वाढतो ते टिपत बसायचं. सरळ रेषेत चढत राहिला तर गळती. आधी चढून मग मंदावत गेला तर भिंतींमधून निघणारी वाफ. आमच्या आलेखात दोन्ही होतं. सुरुवातीचा बाक ओसरल्यावरही रेषा चढतच होती.

गळती शोधायला स्विचगिअर कारखान्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ मदतीला आले. विद्युत ब्रेकरमधल्या व्हॅक्यूम बाटल्या तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती. हेलियम लीक डिटेक्टर भाड्याने आणला. चेंबरला बाहेरून हेलियम मारायचा; तो फटीतून आत शिरला की डिटेक्टरचा काटा उडतो. त्यांनी पंखा बंद करायला लावला, हेलियमचा झोत अगदी बारीक केला आणि वरून खाली यायला सांगितलं. हेलियम हलका, तो वर चढतो. खालून सुरुवात केली तर वरच्या गळतीचा इशारा खालच्या जोडाच्या नावावर जातो. प्रत्येक जोडाशी थांबायचं, उत्तर यायला वेळ द्यायचा, मग पुढे. मी घाई केली की ते नुसते हात वर करायचे. एका बाजूच्या पोर्टचा (उपकरणं जोडायच्या तोंडाचा) वेल्ड मुख्य वेल्डला मिळतो तिथे काटा उडाला. काका स्वतः कॉलेजात आले, काटा उडताना त्यांनी पाहिला, जागा घासली आणि आतून पुन्हा वेल्ड मारला. त्यानंतर तिथे हेलियम सोडला तरी काटा हलला नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो माझ्यापेक्षा कमी नव्हता.

उरला प्रश्न पाण्याचा. जुलैतली नाशिकची हवा चेंबरमध्ये भरली की स्टीलच्या पृष्ठभागावर पाण्याचे थर बसतात आणि साध्या तापमानाला ते फार सावकाश सुटतात. चेंबरला हीटिंग टेप गुंडाळून 110 अंशांवर रात्रभर तापवायला लागलो. ओ-रिंग व्हायटन या रबराच्या, म्हणून त्याहून फार वर जायचं नाही. दार उघडायचं तर आत आधी कोरडा नायट्रोजन भरायचा आणि काम उरकून लगेच बंद करायचं. असं चालू केल्यावर दाब 10⁻⁶ मिलीबारवर आला आणि सकाळी गेलं तरी तिथेच असायचा.

कॅथोडसाठी लँथनम हेक्झाबोराइड हा तापल्यावर इलेक्ट्रॉन सोडणारा पदार्थ घेतला. बेरियमवाले कॅथोड कमी तापमानाला चालतात, पण ओलावा आणि ऑक्सिजन त्यांना लवकर खराब करतात. आपल्या हवामानात मी तो धोका घेणार नव्हते. हे पोकळ कॅथोड 1600 अंशांच्या आसपास तापवावं लागतं आणि त्या तापमानाला ते अनेक धातूंशी अभिक्रिया करतं, म्हणून ते आणि धातू यांच्या मध्ये ग्रॅफाइट. वायू आर्गॉन. झेनॉन सहज आयनित होतो, पण हवेत तो दहा लाखांत एक भागही नसतो, त्यामुळे महाग. आर्गॉन हवेत जवळजवळ एक टक्का. काकांच्या वेल्डिंगच्या सिलिंडरमध्ये असतो तोच वायू, आम्ही जास्त शुद्धतेचा घेतला.

कॅथोड पेटला, मग थ्रस्टर. खिडकीतून जांभळट कंकण दिसलं, पण मी आधी प्रकाशातले रंग वेगळे करून दाखवणाऱ्या स्पेक्ट्रोमीटरकडे पाहिलं. आर्गॉनच्या 750 आणि 811 नॅनोमीटरच्या रेषा ठळक होत्या. 656 ची हायड्रोजनची रेषा, म्हणजे पाण्याची खूण, पार्श्वभूमीत जेमतेम ओळखू येत होती. मग मात्र मी खिडकीशी जाऊन बराच वेळ पाहत राहिले. बाहेर जमलेल्या मुलांना एकेक करून आत बोलावलं.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. थ्रस्टर सुरू झाला की आपणच आत वायू सोडत असतो. सेकंदाला एक मिलिग्रॅम आर्गॉन सोडला तर 1000 लिटर प्रति सेकंदाचा पंप दाब 5×10⁻⁴ मिलीबारच्या खाली नेऊच शकत नाही. त्याच्या तिसऱ्या हिश्शाने चालवला तरी चेंबरमधला उरलेला वायू थ्रस्टरमध्ये परत शिरतो आणि रेटा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. म्हणून मी रेट्याचे आकडे कुठेही दिलेले नाहीत. आमच्या चेंबरमध्ये कॅथोडचा अभ्यास, लँगम्युअर प्रोबने (प्लाझ्मात, म्हणजे आयनित वायूत, घातलेल्या बारीक तारेने) इलेक्ट्रॉनचं तापमान मोजणं आणि डिस्चार्ज प्रवाहाची (थ्रस्टरमधून वाहणाऱ्या विजेची) आंदोलनं टिपणं ही कामं चोख होतात, आणि प्रबंध त्यांच्यावरच उभा आहे. रेटा मोजायला मोठ्या पंपिंगची जागा लागेल. त्यासाठी सरांनी प्रस्ताव पाठवला आहे.

चेंबरची ड्रॉइंग, वेल्डच्या सूचना आणि तापवण्याचं वेळापत्रक मी मराठीत लिहून काढलं आहे. कुठल्याही कॉलेजातल्या मुलांना हवं असेल तर द्यायला मी तयार आहे. काकांनी आता दुसऱ्या एका विभागाच्या चेंबरचं काम घेतलंय, आणि या वेळी ते पोर्टचे वेल्ड मुख्य वेल्डपासून लांब ठेवणार आहेत.