भैरवीआधीची लोकल

गेली बावीस वर्षं मी गाण्यांबद्दल लिहिते आहे, आणि ज्या कार्यक्रमांबद्दल लिहिलं त्यातल्या बहुतेकांचं शेवटचं गाणं मी ऐकलेलं नाही. ही गोष्ट आजवर कुणाला सांगितली नव्हती. संपादकांना तर नाहीच नाही.

कारण अगदी साधं आहे. मी डोंबिवलीला राहते.

लोअर परळला कुठल्याशा गिरणीच्या आवारात बँड वाजणार असतो. (गिरणी जाऊन पब आला, यावरचा हुंदका मी एका लेखात काढून झाले आहे, पुन्हा काढत नाही.) तिकिटावर आठची वेळ असते. साडेआठला गिटारवाला 'चेक, चेक' करत असतो. नऊला कुणीतरी ड्रमखाली गालिचा सरकवतो. मग पहिला बँड, मग अर्धा तास वायरी गुंडाळणं आणि सोडवणं, आणि मग ज्यांच्यासाठी तिकीट काढलं ते. ते रंगात येतात आणि इकडे माझ्या डोक्यात करी रोडचा इंडिकेटर पेटतो. करी रोडला फास्ट गाडी थांबत नाही. स्लो गाडीने डोंबिवली म्हणजे तासाच्या वर, पुढे रिक्षाची रांग. मी पर्स खांद्याला अडकवते, शेजारच्याच्या पायावर पाय देत निघते.

एकदा पुरतं बिंग फुटलं. एक बँड आपलं गाजलेलं गाणं नेहमी शेवटी घ्यायचा. मी त्याआधीच गाडीत बसले होते, पण लिहिताना 'अखेरच्या गाण्याने तरुणाई भारावून गेली' असं ठोकून दिलं. चार दिवसांनी एका वाचकाचं पत्र आलं: त्या रात्री स्पीकर उडाला होता, ते गाणं झालंच नाही, तर बाई नक्की कुठल्या तरुणाईत बसल्या होत्या? संपादकांनी पत्र माझ्यापुढे सरकवलं आणि चहा मागवला. तेव्हापासून मी 'कार्यक्रम उत्तरोत्तर रंगत गेला' एवढंच लिहिते. हे वाक्य कुठेही बसतं.

पण खरं गुपित याहून मोठं आहे. माझ्या लेखनाला 'स्त्रीवादी दृष्टी' आहे, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. बाकीचे मोठ्या बँडबद्दल लिहितात. मी मात्र एकटीने गिटार घेऊन उभ्या राहिलेल्या मुलीबद्दल, मराठीत रॅप करणाऱ्या पोरीबद्दल लिहिते, म्हणून. दृष्टी कसली आलीये! आयोजक मुलींना आधी उभं करतात. लोक अजून दारात मनगटावर शिक्का मारून घेत असतात, तेव्हा ती गात असते. मोठं नाव शेवटी, आणि ते बहुधा चार मुलग्यांचं. सव्वादहापर्यंत जे कानावर पडतं त्यात मुलीच जास्त. माझा स्त्रीवाद मध्य रेल्वेच्या वेळापत्रकात छापलेला आहे.

अर्थात बावीस वर्षं एकच अर्धा कार्यक्रम ऐकला की काही गोष्टी दिसायला लागतात. साउंडचेक मोठ्या बँडचा झालेला असतो, या मुलीचा नाही. पहिल्या गाण्यात ही स्वतःचाच आवाज शोधत असते. दुसऱ्या गाण्यात एक हात गिटारवरून सुटतो आणि साउंडवाल्याकडे बघून एक बोट वर जातं: वाढव. तो मान डोलावतो. काही वाढत नाही. तिसऱ्या गाण्यात पुन्हा बोट. सहा गाण्यांचा वेळ दिलेला असतो, त्यातली तीन या बोटात जातात. नंतर कोपऱ्यात कुणीतरी म्हणतं, 'गाते बरी, पण आवाजात दम नाही.'

२०१५ साली सोफिया अश्रफने कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्यातल्या पाऱ्याबद्दल रॅप केलं, ते मात्र मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. ते यूट्यूबवर होतं. तिथे कुणी गाडी चुकवत नाही. कंपनी मुंबईचीच, हिंदुस्थान युनिलिव्हर. पुढच्या वर्षी मार्चमध्ये तिने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. कारखाना २००१ मध्ये बंद झाला होता, म्हणजे लढाई कामगारांनी पंधरा वर्षं लढली होती आणि श्रेय त्यांचंच. पण त्या गाण्यात सोफियाला कुणाकडे बघून बोट वर करावं लागलं नव्हतं, हे माझ्या लक्षात राहिलं.

लवकर उठून जायची सवय रंगभवनची. धोबीतलावचं ते उघडं नाट्यगृह. इंडिपेंडन्स रॉक हे रॉक बँडचं संमेलन १९८६ मध्ये सुरू झालं आणि पुढे बरीच वर्षं रंगभवनला भरायचं. काळे टी-शर्ट, घाम, आणि माझ्यासारख्या दोन-चार मुली, भावाच्या नाहीतर मैत्रिणीच्या भावाच्या सोबतीने आलेल्या. मोठा बँड स्टेजवर यायच्या सुमारास आम्ही व्हीटीच्या दिशेने पळत असायचो. आजूबाजूला इस्पितळं, कॉलेज. शंभर मीटरच्या शांतता क्षेत्राचा नियम आला आणि रंगभवनमधलं गाणंच थांबलं. मित्रांनी सुतक पाळलं. मला तितकंसं वाईट वाटलं नाही, कारण मी तिथे कधी पूर्ण गेलेच नव्हते.

हे आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मग काय झालं? आम्ही तरी भैरवी कुठे ऐकली?"

आई गिरगावची. वाडीतल्या गणपतीत गाणं व्हायचं, रात्रभर. सतरंजीवर पुढे पुरुष, मागे आणि गॅलऱ्यांत बायका. गवई शेवटच्या भैरवीला हात घालायचा पहाटे, आणि चारला नळाला पाणी. त्यामुळे साडेतीनला गॅलऱ्या रिकाम्या. "ऐकली नाही असं नाही," आई पुढे म्हणाली, "हंड्यात पाणी पडताना ऐकली. निम्मी-शिम्मी. हळहळ वाटायची." तिला आजही रेडिओवर भैरवी लागली की हंडा भरत आल्यावर पाण्याचा आवाज बारीक होतो, तो आठवतो.

म्हणून एका बाबतीत माझं आणि संगीतातल्या सगळ्या मित्रमंडळींचं पटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद केला; वर्षातले पंधरा दिवस बारापर्यंत सूट देण्याची सोय राज्य सरकारला २००२ मध्ये मिळाली. त्या नियमाने मैफली मारल्या, असं सगळे म्हणतात. पुण्याचा १९५३ पासूनचा सवाई गंधर्व महोत्सव रात्रभर चालायचा, तो आता रात्रभर चालत नाही, हे खरं. पण दहाला संपलेल्या भैरवीनंतर बाई घरी जाऊ शकते. हे मी एका चर्चेत म्हणाले तेव्हा शेजारच्या ज्येष्ठ समीक्षकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच पोलिसात तक्रार केली होती.

भाचीला मात्र हे अजिबात मान्य नाही. ती अंधेरीला तीन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहते, रात्री दोनला रिक्षाने घरी जाते आणि वाटेत कुणाला तरी लोकेशन पाठवते. "मावशी, तू वेळेशी तडजोड केलीस आणि आता तिला विचार म्हणतेस," ती म्हणाली. "कार्यक्रम लवकर कशाला? रात्र आपली का नाही?" मुंबईतल्याच तिघी अभ्यासकांचं, शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांचं २०११ मधलं 'व्हाय लॉइटर?' तिने माझ्यासमोर आपटलं. बाईला शहरात काही काम नसतानाही उगाच रेंगाळता आलं पाहिजे, हे त्यातलं म्हणणं मला पटतं. मी म्हटलं, मध्यरात्रीनंतर मीटर सव्वापट होतं, आणि लोअर परळहून डोंबिवलीला रिक्षाच नाही. रेंगाळायलाही परवडावं लागतं. जानेवारी २०२० मध्ये सरकारने मुंबई चोवीस तास उघडी ठेवायचं ठरवलं, तेव्हाही लोकल मात्र रात्री काही तास झोपणारच होती. (दोन महिन्यांत शहरच बंद झालं, ते सोडा.) भाची म्हणाली, "मग लोकल मागा ना. भैरवी कशाला कापता?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

त्या रात्रीच्या गाडीत पुरुष समीक्षक नसतात, हे एक बरं. अकराच्या सुमाराचा लेडीज डबा. दारापाशी होमगार्ड, मोबाइलवर मान घालून. मॉलमधल्या मुली बूट काढून समोरच्या सीटवर पाय टाकतात; दिवसभर उभं राहून टाचा लाल झालेल्या. केटरिंगवाल्या दोघी एका लग्नातून उरलेले गुलाबजाम डब्यातून फिरवतात, एकच चमचा. मी कानात इअरफोन घालून त्या दिवशीच्या मुलीचं गाणं परत लावते. एक गाणं वर्षभरात हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर २०२४ पासून स्पॉटिफाय त्याचा एक पैसा देत नाही. म्हणून मी ठाण्यापर्यंत तीनदा तरी लावते. माझा वाटा.

मध्यंतरी शेजारच्या मॉलवाल्या मुलीने विचारलं, "काय ऐकताय एवढं?" मी एक इअरफोन तिला दिला. तिने मुलुंडपासून ठाण्यापर्यंत डोळे मिटून ऐकलं, मग इअरफोन ओढणीला पुसून परत केला.

"छान आहे. पण हिचा आवाज कुणीतरी दाबलाय," ती म्हणाली आणि उतरली.

बावीस वर्षं मी जे लिहिते आहे ते एवढ्यात झालं असतं.

गेल्या महिन्यात एक चमत्कार घडला. रविवार, खारचा एक छोटा हॉल, वेळ पाचची, आणि कार्यक्रम खरोखर पाचला सुरू झाला. लहान मुलं होती, दोन आज्या होत्या, एक बाई बसल्याबसल्या पिशवीतला मटार सोलत होती. आठला शेवटचं गाणं आलं. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते, सवयीने. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, दिवे लागले, आणि पुढे काय करायचं असतं ते मला कळेना. लोक नुसते उभे राहून बोलत होते. मीही थोडा वेळ नुसती उभी राहिले.

घरी पोचले तेव्हा दहासुद्धा वाजले नव्हते. आई दचकली. "एवढ्यात? रद्द झाला का?"

"नाही. पूर्ण ऐकून आले. भैरवीसकट."

"मग? कशी होती?"

"सुमार."

आईने ताटावरचं झाकण काढलं. "बघ," ती म्हणाली, "आणि आम्ही उगाच हळहळत होतो."