ब्लॉकमधली शेवटची गाडी

आम्ही महामार्ग पोलिसांनी घाटात ब्लॉक घेतला की पुण्याकडे जाणारे आमचे आभार मानतात आणि मुंबईकडे येणारे शिव्या घालतात. आपापल्या जागी दोघांचंही बरोबर असतं.

मिसिंग लिंक, म्हणजे घाट टाळणारा नवा रस्ता, व्हायच्या आधीचं बोरघाटाचं दुखणं समजायला अवघड नाही. द्रुतगती मार्ग सहा पदरी, जुना मुंबई-पुणे रस्ता चार पदरी, आणि आडोशीपासून खंडाळ्यापर्यंत दोन्हींची वाहतूक एकाच सहा पदरी रस्त्यावर. दहाचे सहा होतात, तेही नेमके चढावर. एरवी निभून जातं. पण पंधरा ऑगस्टला जोडून शनिवार-रविवार आला की उजाडायच्या आत लोक लोणावळ्याला निघतात आणि आठ वाजेपर्यंत घाट तुंबतो. मग आम्ही मुंबईकडे उतरणारी वाहतूक वर खंडाळ्याच्या बाजूला थोपवतो, उतारावर असलेल्या गाड्या खाली जाऊ देतो आणि मोकळी झालेली ती बाजू पुण्याकडे चढणाऱ्या मोटारींना देतो. पंधराएक मिनिटांनी पुन्हा होतं तसं करायचं. हा ब्लॉक. मिसिंग लिंकचं काम तेव्हा अजून चालू होतं, त्यामुळे घाट चढण्यावाचून कुणाची सुटका नव्हती.

यात सगळी मदार शेवटच्या गाडीवर. वरून सोडलेल्या शेवटच्या गाडीचा नंबर वायरलेसवर खाली कळवतात. ती गाडी खालच्या माणसाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसत नाही तोवर बॅरिकेड हलवायचं नाही. ब्लॉक संपतानाही तेच, फक्त उलट्या दिशेनं. खालून चढलेली शेवटची मोटार वर पोचल्याचा निरोप आल्याशिवाय उताराची वाहतूक सोडायची नाही. मध्येच कुणी बंद पडलं, कुणी फोटो काढायला थांबलं, तर ते कळावं म्हणून त्या शेवटच्या मोटारीमागे आमची एक गाडी असते. तिला आम्ही शेपूट म्हणतो. अशाच एका सुट्टीच्या दिवशी मी शेपटावर होते. गाडीवर आमचे जुने चालक, ज्यांना साहेबांसकट सगळे अण्णा म्हणतात.

पाऊस सकाळपासून लागून होता. चढावर इंच-इंच सरकणाऱ्या रांगेत अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवतात, वर एसी चालू, आत पाच-सहा माणसं आणि डिकीत सामान. क्लच प्लेट किती सोसणार? तो जळका वास घाटात काम करणाऱ्याला गाडी दिसायच्या आधी येतो. अशा वेळी आम्ही काच वाजवून सांगतो, एसी बंद करा, पुढच्या गाडीला सरकू द्या, चांगली जागा झाली की मगच पहिल्या गिअरवर एका दमात या. ऐकणारे थोडे. पुढे दोन हात जागा दिसली की मागचा हॉर्न वाजवतो, आणि हॉर्न वाजला की माणसाचा पाय आपोआप क्लचवर जातो.

सकाळचे ब्लॉक नीट पार पडले. साडेअकराच्या सुमाराच्या ब्लॉकमध्ये आम्ही शेवटच्या मोटारीमागे चढायला लागलो आणि आडोशीच्या वर, वळण संपता संपता, ती मधल्या लेनमध्ये थांबली. पांढरी, सात सीटची. बॉनेटखालून वाफ नव्हती, पण वास होता.

मी उतरून गेले तर चालवणारे गृहस्थ फोनवर विमा कंपनीच्या मदतवाल्यांना जागा समजावून सांगत होते. गाडी ऑटोमॅटिक. स्क्रीनवर गिअरबॉक्स तापल्याची सूचना, आणि ती पार्कमधून बाहेरच येईना. साधी गाडी असती तर न्यूट्रल करून, ब्रेकवर मागे सोडत सोडत दोन मिनिटांत कडेला लावली असती. इथे क्रेनशिवाय इलाज नव्हता.

"मॅडम, मी डावीकडे घेणार होतो," ते म्हणाले, "पण वर कॅमेरे आहेत ना. लेन कटिंगचं चलन येईल म्हणून मध्येच थांबलो."

मला हसू आलं आणि रागही. कॅमेऱ्यांनी वेगावर थोडा लगाम घातलाय हे खरं. घाटात मोटारींना ६० ची मर्यादा आहे हे आता कुणाला सांगावं लागत नाही. पण बंद पडत असलेली गाडीही लेन सोडायला घाबरेल, असं कुणाच्या डोक्यात आलं नसावं. म्हटलं, साहेब, गाडी बंद पडतेय असं वाटलं की इंडिकेटर द्या आणि कडेला या. चलन आलंच तर तक्रार करता येते.

गाडीत त्यांची बायको, आई, वडील आणि चारेक महिन्यांचं बाळ. सगळे काचा लावून बसलेले. रस्ता आमच्याकडे होता, पण तो उसना. वर थांबवलेली वाहतूक काही वेळानं याच तीन लेनमधून खाली येणार, आणि ही मोटार तिच्याकडे तोंड करून मधोमध उभी. मी सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं.

आजी ऐकेनात. "अहो बाई, पाऊस बघा केवढा. बाळाला कुठे भिजवता? गाडीत कसं सुरक्षित आहे."

हे वाक्य मला कायम ऐकायला मिळतं आणि त्यावर सांगून पटेल असं उत्तर नाही. उभ्या गाडीत बसलेल्या माणसाला पत्र्याचा भरवसा वाटतो. उतारावरून येणारा भरलेला ट्रेलर त्या पत्र्याचं काय करतो ते आम्ही पाहिलेलं असतं, पण तेवढ्या पावसात, बाळाच्या आजीला ते कसं सांगणार? मी आवाज चढवला नाही. बाळाच्या आईकडे हात पुढे केले आणि म्हटलं, "ताई, बाळ माझ्याकडे द्या, तुम्ही उतरा." ती उतरली. मग आजी आपोआप उतरल्या, वर मलाच दटावत, की डोकं झाका त्याचं.

आता यांना बसवायचं कुठे? डोंगराच्या कडेला लगेच आडोसा मिळाला असता, पण २०२३ च्या जुलैत आडोशीजवळच दरड रस्त्यावर आली होती. पावसाळ्यात त्या कड्याखाली मी कुणाला उभं करत नाही. थोडं चालून पुढे, जिथे वर कडा नाही आणि कडेच्या लोखंडी गार्डच्या पलीकडे सपाट जागा आहे, तिथे नेलं. अण्णांनी बोलेरोतली निळी ताडपत्री आणून गार्डच्या दोन खांबांना आणि एका झाडाला बांधली. आजोबा म्हणाले, सोय चांगली ठेवता हो तुम्ही गाडीत. अण्णांनी नुसती मान हलवली. ती ताडपत्री एरवी कशावर घालायला ठेवलेली असते ते आम्ही दोघांनीही सांगितलं नाही.

वायरलेसवर मी जागा कळवली, क्रेन मागितली आणि ब्लॉक उघडू नका म्हणून सांगितलं. क्रेन खालून यायची होती आणि तीच गर्दीत अडकलेली. बॅरिकेड काढून तिला मोकळ्या बाजूनं वर घ्यायचं ठरलं, पण बॅरिकेडपर्यंत पोचायलाच तिला वीसेक मिनिटं लागणार होती. तेवढ्यात वर रांग वाढत होती. मुंबईकडे निघालेली माणसं गाड्यांतून उतरून आमच्या लोकांना जाब विचारत होती, काहींनी मोबाइल समोर धरून बोलायला सुरुवात केली होती. कुणाचं विमान, कुणाची परीक्षा, कुणाकडे मयत. वरच्या पॉइंटवरून निरोप आला, गाडी मधल्या लेनमध्ये आहे ना, मग डावी लेन तरी सोडतो, हळूहळू जातील.

मी नाही म्हटलं.

यावर नंतर चौकीत बरीच चर्चा झाली आणि अजूनही सगळ्यांना ते पटलेलं नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. कोन लावले असते, एक लेन दिली असती, रांग वीस मिनिटं आधी हलली असती. पण वळण असं आहे की वरून येणाऱ्याला बंद गाडी दिसते तेव्हा ती फार जवळ आलेली असते. रस्ता ओला. मोटारवाला कसाबसा थांबेल. पण त्या रांगेत अवजड गाड्याही होत्या. सुट्टीच्या दिवशी घाटात येऊ नका असं आवाहन करूनही त्या येतातच. भरलेल्या गाडीला उतारावर, पावसात, ऐनवेळी लेन बदलायला लावायची म्हणजे आपणच संकटाला आवतण द्यायचं. साहेबांनी मला फक्त एवढंच विचारलं, "तुझं म्हणणं नक्की?" मी हो म्हटलं. त्यांनी वर कळवलं, तिन्ही लेन बंद.

मधेच निरोप आला, रांगेत एक रुग्णवाहिका आहे, आत पेशंट आहे. तिला मात्र अडवायचा प्रश्नच नव्हता. आमची इंटरसेप्टर, म्हणजे गस्तीची गाडी, पुढे घातली आणि ती एकटीच खाली सोडली. मी बॅटन घेऊन वळणाच्या वर जाऊन उभी राहिले, अण्णा मोटारीपाशी. दोन्ही गाड्या सावकाश, कडेनं निघून गेल्या. वरच्या लोकांना वाटलं रस्ता उघडला, पुन्हा ओरडा सुरू. त्या पॉइंटवर उभ्या असलेल्या पोरांचं मला खरंच वाईट वाटलं. माझ्या समोर नुसती एक मोटार होती, त्यांच्यासमोर अख्खी रांग.

हायड्रा क्रेन आली, पट्टे लावले, मोटार उचलली आणि उलटी फिरून खाली गेली. त्या कुटुंबाला परत वर आलेल्या इंटरसेप्टरनं लोणावळ्याला पाठवलं. जाताना आजींनी बाळाचं टोपडं राहिलंय म्हणून गाडी थांबवली, अण्णांनी ते ताडपत्रीखालून शोधून दिलं. रस्ता मोकळा झाल्याचं वर कळवून आम्ही बोलेरो गार्डला लावली आणि कडेच्या पट्टीत राहिलेले कोन गोळा करायला लागलो.

वाहतूक सुटली. आधी मोटारी, मग मागून अवजड. मला आधी आवाज आला. घासल्याचा, लांबलचक. वर पाहिलं तर एक कंटेनर डाव्या कडेला लागून, गार्डला अंग घासत येत होता आणि त्याच्या मागच्या चाकांतून पांढरा धूर. वेग पळून जावं इतका नव्हता, पण थांबतही नव्हता. आम्ही दोघं गार्ड ओलांडून पलीकडे गेलो. मागच्या मोटारी घाबरून थांबल्या, तेच बरं झालं. ड्रायव्हरनं कसाबसा खालचा गिअर पाडला असावा, कारण इंजिन एकदम किंचाळलं, आणि गाडी घासत घासत आमच्यापासून थोडं वर येऊन थांबली.

अण्णा आधी धावले. दोन मोठे दगड पुढच्या चाकांना लावले. रांगेतल्या एका माणसानं पाण्याची बाटली आणून धुरावर ओतायला घेतली, त्याला मी जवळजवळ ओरडूनच थांबवलं. ब्रेकच्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. त्याला आपला आपण निवू द्यायचा.

ड्रायव्हर बावीस-तेवीस वर्षांचा, बार्शीकडचा. दाराच्या पायरीवर बसून राहिला, हात थरथरत होते. मी पाणी दिलं, बिस्किटाचा पुडा दिला. सकाळपासून रांगेत, पोटात काही नाही. विचारलं, न्यूट्रलवर उतरवत होतास ना? तो काही बोलला नाही. परत विचारलं तेव्हा म्हणाला, "म्याडम, मालक खेपेला डिझेल मोजून देतो. वाचलं तर माझं, कमी पडलं तर माझ्या पगारातनं. सगळेच उतारावर असं करतात."

सगळेच करतात, हे त्याचं खरं आहे. गिअरमध्ये असलं की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं. न्यूट्रल केलं की सगळा भार ब्रेकवर. चार-पाच किलोमीटर सतत ब्रेक दाबला की ब्रेकचं लायनिंग, म्हणजे ड्रमला घासणारं अस्तर, तापतं आणि मग पेडल कितीही दाबा, पकड येत नाही. घाटातले किती अपघात 'ब्रेक फेल' म्हणून कागदावर येतात. ब्रेक बिचारा शेवटपर्यंत काम करत असतो.

त्याच्यावर कारवाई केली, ती करायलाच हवी होती. पण मी त्याच्याच फोनवरून मालकाला लावला. मालक आधी गयावया करू लागला, मग गार्डचं नुकसान कुणाच्या माथी ते विचारू लागला, मग म्हणाला, "मॅडम, पोरगा नवीन आहे, त्याला घाट जमत नाही." मी म्हटलं, घाट जमत नसलेल्या पोराला एवढा माल देऊन मोजक्या डिझेलवर सुट्टीच्या दिवशी तुम्ही पाठवलंत. तर म्हणे, डिझेलचा हिशोब आमच्या धंद्याचा विषय आहे, तुम्ही तुमचं चलन करा. आणि फोन ठेवून दिला. असल्या मालकावर चलन कुठल्या कलमाखाली करायचं, हे मला अजून कुणी शिकवलेलं नाही.

मेकॅनिक जुन्या रस्त्यानं खोपोलीहून आला तेव्हा चार वाजत आले होते. ड्रम गार झाले होते, लायनिंग एका बाजूचं पार गेलेलं. त्यानं चालण्यापुरतं केलं आणि खाली गॅरेजला आणा म्हणाला. अण्णांनी त्या पोराच्या शेजारी केबिनमध्ये चढून त्याला दुसरा गिअर टाकायला लावला. बोलेरो मी पुढे घेतली. आरशात पाहिलं तर अण्णा हात हलवून काहीतरी समजावत होते आणि पोरगा मान डोलवत होता. खोपोलीच्या फाट्यापर्यंत आम्ही माणसाच्या चालीनं उतरलो आणि मागच्या मोटारवाल्यांनी सगळा वेळ हॉर्न वाजवला.