लव्हाळ्याचा गोड भाऊबंद

जास्वंदीच्या आळ्यातला लव्हाळा उपटणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळते. पाती हातात येतात, पण मातीत काहीतरी तुटल्याचे जाणवते आणि आठवड्याभरात एका रोपाच्या जागी तीन उभी राहतात. खुरप्याने खोल उकरले की उलगडा होतो : काळपट, चिवट गाठी दोऱ्यात ओवाव्यात तशा एकामागून एक लागलेल्या असतात, आणि माळ तुटली की प्रत्येक मणी आपला वेगळा संसार थाटतो.

मागे भाचीने स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाहून चुफा नावाच्या, खाण्याजोगे कंद देणाऱ्या गवतासारख्या रोपाचे सुकवलेले कंद आणले होते. तिकडे ते भिजवून, वाटून, गाळून आणि साखर घालून ओर्चाता नावाचे थंडगार, दुधाळ पेय करतात. त्यातले दोन कंद मी कुंडीत पुरले; पण उगवून आले ते पाहून घरच्यांनी मला वेड्यात काढले, कारण कुंडीत चक्क लव्हाळाच उभा होता. त्यांचे फारसे चुकले नव्हते. दोघेही सायपेरस कुळीचे, दोघांची शास्त्रीय नावे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये दिलेली, आणि दोघांचाही फुलोऱ्याचा दांडा चिमटीत फिरवला तर तीन कडा बोटांना लागतात.

फरक शोधायला बसावे लागते. लव्हाळ्याचे पाते टोकाशी एकदम निमुळते होते, चुफाचे लांबवर हळूहळू. लव्हाळ्याचा तुरा तांबूस-जांभळट असतो, तर रानटी चुफाचा पिवळसर. माझ्या कुंडीत मात्र तुरा आलाच नाही, कारण लागवडीचा चुफा क्वचितच फुलतो. खरा भेद मातीखाली आहे. लव्हाळा वाटेत जागोजागी ठाणी वसवत जातो. चुफा प्रत्येक धाग्याच्या टोकाला एकच कंद धरतो, आणि तो खोबऱ्यासारखा गोडसर लागतो.

लव्हाळ्याची गाठही मी चावून पाहिली. ती कडू निघाली, वर दिवाळीच्या उटण्याचा वास. तरीही सुदानमधल्या अल खिदाय येथील प्राचीन सांगाड्यांच्या दातांवरील किटणात लव्हाळ्याचे अंश सापडल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे माणसांनी हा कडू भाऊही खाल्ला होता.

चुफाची कुंडी मी गच्चीच्या फरशीवरच ठेवली आहे. अनेक देशांतल्या शेतांत तोही हट्टी तण म्हणून गाजलेला आहे, आणि जास्वंदीच्या आळ्यात एक भाऊ आधीच पुरेसा आहे.