ढोलाची जाळी

इंदूरच्या रामबागेत, फ्लॅटमध्ये ड्रमसेट वाजवायचा म्हणजे अख्ख्या बिल्डिंगशी वैर. भाच्याने तोडगा काढला: ड्रम तोच ठेवायचा, आवाज तेवढा काढून घ्यायचा. वरचं प्लास्टिकचं पान उतरवून त्याने दुपदरी जाळी ताणली. स्नेअर या चपट्या ड्रमखालच्या तारा सोडवल्या, नाहीतर त्या उगाच खुळखुळत राहतात. मग महाराणी रोडवरून पितळी पिझो चकत्या आल्या.

या चकत्या बझरमध्ये असतात त्याच. तिथे वीज मिळाली की थरथरतात, इथे थरथरल्या की वीज देतात. क्युरी बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांचा हा गुण दाखवला, तेव्हा त्यांच्या डोक्यात ड्रम नक्कीच नसणार. मधल्या पांढऱ्या भागावर तार जोडताना सोल्डरिंगचं टोक जरा जास्त टेकलं तर वरचा चांदीचा थर सुटून येतो, म्हणून भाचा श्वास रोखून बसला होता. चकतीवर फोमचा शंकू, आणि त्याचं टोक जाळीला खालून जेमतेम टेकलेलं. तार जोडायच्या खोबणीसाठी, म्हणजे जॅकसाठी, लाकडाला भोक पाडणार या कल्पनेनेच मला कसंतरी झालं होतं, पण हवा जायला ड्रमला मुळातच एक भोक असतं. जॅक तिथेच बसला.

खरी गंमत पुढे. चकत्यांच्या तारा जिथे जोडतात ती आवाजाची पेटी म्हणजे मोड्यूल. चकतीकडून आलेल्या प्रत्येक ठोक्याला ते जोराप्रमाणे १ ते १२७ मधला एक आकडा देतं आणि त्या मापाचा आवाज हेडफोनमध्ये सोडतं. किती हलका ठोका ऐकायचा, हे थ्रेशोल्डवर ठरतं. तो खाली ठेवला तर शेजारच्या टॉम ड्रमवर मारलेल्या काडीचा हादरा स्टँडमधून जाऊन स्नेअरही वाजते. वर नेला तर दोन ठोक्यांमधली ती हलकी, जवळजवळ न वाजलेली टिपणी गायब. आणि वाजवणाऱ्याचा हात कळतो तो तिथेच! याच इंदुरात नाना पानसे पखवाज वाजवत. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक किती लावायची हे जसं कानाने ठरतं, तसंच हे. पुस्तिकेतला आकडा कामाचा नाही. शिवाय शंकूच्या बरोबर वर काडी पडली की आवाज एकदम दणकतो. सवयीने मध्यावर मारणाऱ्याला हा जाचच. शंकू कडेला बसवणारे लोक मला शहाणे वाटतात.

खालच्या काकूंना ठणठणाट आता ऐकू येत नाही, पण पेडलची धपधप स्लॅबमधून पोचतेच. त्यावर दोन प्लायच्या मध्ये टेनिसचे चेंडू ठेवून चौथरा करतात. चेंडूंसाठी भाच्याने गल्लीतल्या क्रिकेटवाल्या पोरांना गाठलं. ती द्यायला तयार आहेत, फक्त गणपतीच्या मिरवणुकीत त्याने वाजवायला यायचं, आणि तेही ‘आवाजवाला’ ड्रम घेऊन. जुनी पानं कपाटावर आहेत म्हणा.